अंगठाभर खाली

रॉटरडॅम, ४ मार्च २०१७

प्रिय डीका काकू,

फोनच करणार होते. पण तुझ्याकडे फोन वाजला की एक तर कोणी गेलं किंवा गाय अडली, असंच तुला वाटतं. म्हणून पत्र.

बातमी चांगली आहे. माझी निवड झाली! बंदरावरच्या जुन्या धान्यगोदामात मे महिन्यात चित्रांचं प्रदर्शन आहे आणि आम्ही सहा चित्रकार त्यात आहोत. सरळ रेघ आणि तीन रंग एवढ्यावर चित्र उभं करणारी आपल्याकडची मंडळी एकत्र आली त्याला यंदा शंभर वर्षं झाली. त्या अमूर्त चित्रकलेच्या पूर्वजांना आजच्या चित्रकारांनी मानवंदना द्यायची, असा विषय आहे. मी एक्केचाळीस वर्षांची आहे, काकू, आणि मला पहिल्यांदाच कोणी बोलावलंय.

आता रडगाणं. यंदा अख्खा देश लाल-पिवळा-निळा झालाय. नगरपालिकेची भिंत, ट्राम, मोजे, काल तर केस कापणाऱ्याचं दारसुद्धा. मी अकरा चित्रं सुरू केली आणि अकराही चहाच्या ट्रेसारखी दिसतात. ट्रे टांगला तर पुन्हा कोणी बोलावणार नाही.

परवा भांडी घासताना एकदम बेरेंडकाकांच्या झडपा आठवल्या. तुझ्या खिडक्यांच्या, लाल-पांढऱ्या, टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण, वाळूच्या घड्याळासारखे. त्यांचा एक जुना संच गोठ्यामागे पडलेला असायचा ना? अजून आहे का? मला देशील? काय करायचं ते अजून कळलेलं नाही, पण कॅनव्हास नको आणि ते जुनं ओकचं लाकूड हवं, एवढं नक्की.

तुझी योरिंडे

&nbsp;

विंटर्सवाइकजवळ, ९ मार्च

लाडक्या योरिंडे,

अभिनंदन. शेजारच्या हार्मला सांगितलं तर म्हणाला, "चौकोन काढायला बोलावलंय? मग तिला म्हणावं आमचं कुंपण आखून दे." तू त्याचं मनावर घेऊ नकोस. त्याच्या तोंडून कौतुक असंच बाहेर पडतं.

आणि तुझ्या त्या पूर्वजांचं मला कशाला सांगतेस? मोंड्रिआन आमच्या विंटर्सवाइकच्याच शाळामास्तरचा पोरगा. इथल्याच रस्त्यांवर उंडारला असेल. तुझे काका शपथेवर सांगायचे, की त्याने ते सगळं आमच्या झडपांवरून उचललं आणि पॅरिसला जाऊन आपल्या नावावर खपवलं. तू हे गोदामात बोलू नकोस, तुझं नाव कापतील.

झडपा आहेत. आठच्या आठ. त्यांवर कोंबड्या बसतात, तेवढं खरवडून घे. पण फुकट मिळणार नाहीत.

ऐक, आता हसण्यासारखं नाही ते सांगते. हे घर मालकीणबाईंच्या इस्टेटीचं, आणि भाडेपट्टा बेरेंडच्या नावावर होता हे तुला ठाऊक आहे. तो गेल्यापासून चार वर्षं कारभारी तेर होर्स्त मला एकेका वर्षाने वाढवून देतोय, आणि दरवेळी तोंड अधिक वाकडं करतोय. त्याला इथे शनिवार-रविवारी येणारी शहरातली माणसं आणायचीत. मला म्हणतो, "चर्चमागे म्हाताऱ्यांसाठी छान फ्लॅट झालेत. लिफ्ट आहे." मी म्हटलं, "मी आयुष्यभर तळमजल्यावर राहिले, मला लिफ्ट कशाला दाखवतोस?" तेव्हा त्याने पट्ट्याचा कागद काढला. त्यात लिहिलंय, की कुळाने झडपा इस्टेटीच्या रंगात आणि नीट ठेवायच्या, कारण इकडे झडपांच्या रंगावरूनच घर कोणत्या इस्टेटीचं ते ओळखतात. आमच्या झडपांचे पोपडे निघालेत. रंगवणारा होता तो गेला आणि माझ्याच्याने शिडी चढवत नाही. शनिवारी २९ एप्रिलला तो तपासणीला येणार. रंग झालेला नसला तर नोव्हेंबरपासून घर सोडायचं.

सत्तावन्न वर्षं झाली मला या घरात येऊन, योरिंडे. मी इथून जाणार नाही.

तेव्हा असं कर. घरावरच्या आठ झडपाही घेऊन जा आणि बेरेंडने रंगवल्या होत्या तशाच रंगवून पाठव. त्या बदल्यात गोठ्यामागच्या आठ तुझ्या. हार्म काढून देईल. त्याला मनुकांचा पाव आण, म्हणजे बोलणार नाही.

तुझी काकू

&nbsp;

रॉटरडॅम, २७ मार्च

प्रिय काकू,

पाव आणला तरी हार्म बोलला. व्हॅनमध्ये झडपा चढवताना म्हणाला, "खिडक्यांना आता पापण्या नाहीत. घर टक्क बघतंय." मला ते इतकं आवडलं की मी लिहून ठेवलं.

सोळाही झडपा आता माझ्याकडे, टायरच्या दुकानावरच्या खोलीत आहेत. आधी तुझं काम घेतलं. पोपडे खरवडताना खाली काकांच्या पेन्सिलीच्या खुणा सापडल्या. प्रत्येक झडपेच्या आतल्या कडेला त्यांची तारीख आहे, आणि एका ठिकाणी नुसतंच "डीका चिडली आहे" असं लिहिलंय. १९७४ साल. काय झालं होतं?

पांढराही नुसता पांढरा नाही. त्यात चिमूटभर काजळी आहे, उन्हात डोळ्यांवर येऊ नये म्हणून असेल. मी तीन दिवस तो पांढरा जुळवत होते. इतक्या वर्षांत मला रंगाबद्दल कोणी एवढं शिकवलं नव्हतं.

एक विचारायचंय. दोन त्रिकोणांची टोकं जिथे भेटतात तो बिंदू झडपेच्या बरोबर मध्यावर हवा ना? काकांचा अंगठाभर खाली आहे. सगळ्या आठांवर. वय झाल्यावर हात घसरला असेल. मी मध्यावर आणू का? अर्ध्या तासाचं काम आहे.

तुझी योरिंडे

&nbsp;

विंटर्सवाइकजवळ, ३१ मार्च

योरिंडे,

खबरदार. हात लावायचा नाही.

घसरला म्हणे! तो माणूस झोपेतसुद्धा सरळ रेघ मारायचा. इस्टेटीतल्या तेवीस घरांच्या झडपा त्याने चाळीस वर्षं रंगवल्या, आणि सगळ्यांवर टोक अंगठाभर खालीच आहे. मी एकदा विचारलं होतं, की हे वाकडं का? तर म्हणाला, "रस्त्यावरून बघ." मला कुठला वेळ रस्त्यावर जाऊन बघायला? आमचं घर उंचवट्यावर, रस्ता खाली, मी सायकलवरून उतरले की आधी कोंबड्यांकडे धावायची. मग चिडून त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही. ते हे १९७४. म्हणजे लिहून ठेवलं होतं लबाडाने!

जसं आहे तसं रंगव.

मी सोमवारपासून चार आठवडे बहिणीकडे आल्टेनला चाललेय. गठ्ठा हार्मकडे पाठव, तो टांगेल. मी २९ तारखेला सकाळी परत येईन. कारभाऱ्याच्या आधी.

तुझी काकू

&nbsp;

रॉटरडॅम, १९ एप्रिल

प्रिय काकू,

झालं! तुझ्या आठ झडपा काकांच्या खुणांवर, काकांच्या रंगात, टोक अंगठाभर खाली. माझ्या आठांवर मात्र मी मनसोक्त खेळले. लाल, पिवळा, निळा, करडा, काळ्या पट्ट्या, पण सगळं काकांच्या त्रिकोणांतून फुटलेलं. माझं टोक बरोबर मध्यावर आहे, रागावू नकोस. आयुष्यात पहिल्यांदा मला माझं चित्र चहाच्या ट्रेसारखं वाटलं नाही. खोलीत एकटीच नाचले. खालून टायरवाल्याने झाडूच्या दांड्याने छत ठोकलं.

दोन्ही गठ्ठे करड्या घोंगड्यांत बांधून, चिठ्ठ्या लावून, आज एकाच टेम्पोने गेले. तुझा हार्मकडे, माझा गोदामात. तिथे तो दोन मे रोजी उघडतील. सहा तारखेला उद्घाटन आहे. तू येशील? आल्टेनच्या मावशींनाही आण.

तुझी योरिंडे

&nbsp;

विंटर्सवाइकजवळ, ३० एप्रिल

अगं योरिंडे,

तू काय करून ठेवलंस! खुर्चीत बस आणि मग वाच.

आधी माझा गुन्हा कबूल करते. मी आल्टेनला नव्हते. मी खुबा बदलून घ्यायला इस्पितळात होते, आणि मग चालायला शिकवतात त्या ठिकाणी. कोणाला सांगितलं नाही, कारण तेर होर्स्तच्या कानावर गेलं असतं तर त्याने लिफ्टवाल्या फ्लॅटची किल्लीच आणून दिली असती. हार्मलाही बहिणीकडे म्हणूनच सांगितलं. चांगली मोठी बॅग घेऊन गेले. ही बॅग लक्षात ठेव.

काल सकाळी टॅक्सीने आले. वळणावर मान वर केली आणि बघते तर काय! माझ्या घराच्या खिडक्यांवर लाल, पिवळा, निळा, काळ्या पट्ट्या! दारापुढे पाइनच्या फांद्यांची कमान, त्यावर कागदी गुलाब, आणि अंगणात पन्नास माणसं सणाच्या कपड्यांत.

खरं सांगते, मला वाटलं संपलं. मी इस्पितळात असताना कारभाऱ्याने घर दुसऱ्याला दिलं, आणि माझेच शेजारी नव्या माणसांसाठी कमान बांधून उभे आहेत. टॅक्सीवाला म्हणाला, "लग्न आहे वाटतं." मी म्हटलं, "नाही. माझं घर गेलं." आणि रडायला लागले.

मग म्हटलं, जायचंच आहे तर मान ताठ ठेवून जाऊ. काठी टेकत उतरले.

अंगणात हार्म आणि, नीट ऐक, कारभारी तेर होर्स्त, दोघांच्या खांद्यांवर शिडी आणि शिडीवर दोन मीटर लांबीचा मनुकांचा पाव. हार्म खाली बघत म्हणाला, "डीका. राहिलेलं सामान न्यायला आलीस का?"

"कुठलं सामान?"

"नाही, म्हणजे... घाई नाही. नवी माणसं अजून आतून बाहेर आली नाहीत. आम्ही दहा वाजल्यापासून उभे आहोत."

"कुठली नवी माणसं?"

"ते आम्हाला काय माहीत!"

तेव्हा हार्मची बायको मिन्के पुढे झाली. "तू घर सोडलंस ना? मोठी बॅग घेऊन गेलीस. मग तुझ्या पुतणीकडून या दुसऱ्या रंगाच्या झडपा आल्या, नव्या मालकाने तिच्याकडूनच रंगवून घेतल्या असतील. म्हणजे घर दुसऱ्या इस्टेटीकडे गेलं, एवढं आम्हाला कळतं की! मला तर इतका राग आला तुझा. सत्तावन्न वर्षांची शेजारीण आणि निरोप न घेता गेली."

"मग मला एक फोन करून विचारायचंस!"

"असं कसं विचारायचं? तुला सांगायचं असतं तर तू सांगितलं असतंस."

आमची माणसं, योरिंडे! तीन आठवडे तर्क करतील पण एकदा विचारणार नाहीत. घोंगडी उघडून हार्मने रंग पाहिले, गप्पपणे आठही झडपा टांगल्या, आणि सर्वांत जवळचा शेजारी म्हणून शेजारधर्माला, म्हणजे नव्या घरधन्याच्या स्वागताच्या तयारीला लागला. आळीतल्या बायकांनी आठवडाभर बसून चारशे कागदी गुलाब केले, कोणासाठी ते ठाऊक नसताना.

"आणि तू?" मी कारभाऱ्याकडे वळले. "घर विकलं की नाही हे तुलाही माहीत नव्हतं?"

बिचारा लालबुंद झाला. त्याला वाटलं होतं की मालकीणबाईंनी त्याला न सांगता परस्पर विकलं. विकल्याचं कारभाऱ्यालाच ठाऊक नाही, हे तो कोणाला आणि कसं विचारणार? म्हणून नव्या मालकाला आधी आपणच हात मिळवावा म्हणून कोट घालून आला, आणि हार्मने त्याच्या खांद्यावर शिडी दिली.

मिन्केने विचारलं, "मग हे घर कोणाचं?"

मी म्हटलं, "माझं. महिन्यापूर्वी होतं आणि आजही आहे. आहे ना, तेर होर्स्त?"

पन्नास माणसं त्याच्याकडे बघत होती. खांद्यावर शिडी, शिडीवर पाव, हलताही येईना. तो म्हणाला, "आहे."

मग काय! बँड वाजला. मला हाताला धरून कमानीखालून नेलं, माझ्याच घरात. जो कमानीखालून आत जातो आणि पाव कापतो तो घरधनी, आणि मरेपर्यंत शेजारी. सुरी माझ्या हातात दिली. ब्रँडीतल्या मनुकांचं भांडं तीनदा फिरलं आणि कारभाऱ्यानेही त्यात तीनदा चमचा घातला. मी नव्या खुब्यावर थोडी नाचलेसुद्धा.

पण आता खरी गोष्ट. संध्याकाळी स्वयंपाकघरात बसून तेर होर्स्त म्हणाला, "मी शब्द दिलाय तो दिलाय. सहा वर्षांचा पट्टा करतो. फक्त कागदात इस्टेटीचे रंग लिहिलेत, ते नोव्हेंबरच्या आत परत लागले पाहिजेत." हे रास्त आहे. तेव्हा काळजी नको. पण तुझं चित्र माझ्या घरावर आहे, मग तुझ्या प्रदर्शनात काय आहे?

तुझी काकू

&nbsp;

रॉटरडॅम, २ मे

काकू,

हसता हसता रडले आणि मग नुसतीच रडले. खुबा! आणि मी म्हणतेय की मावशींना आण!

चिठ्ठ्या मीच लावल्या आणि मीच उलट्या लावल्या. आज गोदामात गठ्ठा उघडला. आत काकांच्या आठ झडपा. गोदामाच्या व्यवस्थापकांनी चष्मा वर केला, खाली केला. "हे तुमचं काम?" मी म्हटलं, "नाही. माझ्या काकांचं. मी फक्त रंग पुन्हा भरला."

शुक्रवारी व्हॅन घेऊन येऊन मी अदलाबदल करू शकते. पण गठ्ठा उघडल्यापासून माझ्या डोक्यात भलतंच आहे. मानवंदना द्यायची ती कोणाला? ज्यांचं नाव सगळ्यांना पाठ आहे त्यांना पाच जण देतच आहेत. काकांनी चाळीस वर्षं त्रिकोण काढले आणि कोणी त्यांना चित्रकार म्हटलं नाही. मला काकांच्या झडपा टांगायच्या आहेत. त्यांच्या नावाने. पण तुझ्या आहेत आणि तुझ्या पट्ट्यात आहेत, म्हणून तू सांगशील तसं. उलट टपाली कळव.

यात माझं नाव मागे पडेल हे मला कळतं. चालेल.

योरिंडे

&nbsp;

विंटर्सवाइकजवळ, ४ मे

टांग. आम्ही येतोय. हार्मने बस ठरवलीय.

डीका

&nbsp;

रॉटरडॅम, ७ मे

प्रिय काकू,

काल तू एक शब्द न बोलता बसमध्ये जाऊन बसलीस आणि मला इथे सगळ्यांना तोंड द्यायला ठेवलंस.

व्यवस्थापक अजून विचारताहेत, की त्या बाई कोण? मी त्यांना सांगितलं, रंगाऱ्याची बायको. तुझी काठी जमिनीवर आपटल्याचा आवाज अख्ख्या गोदामात घुमला. "हे कोणी टांगलं? वर घ्या!" ते बिचारे सांगताहेत, चित्र नेहमी डोळ्यांच्या पातळीवर टांगतात. तू म्हणालीस, "डोळे कुठे आहेत ते तुम्ही ठरवता का? हे रस्त्यावरून बघायचं आहे. वर घ्या." आणि हार्म कोट काढून शिडी शोधायलाच लागला! भाषण चालू असताना तुझ्या आळीतल्या चौघांनी प्रदर्शन खाली उतरवून दीड मीटर वर टांगलं, हे इथे वर्षभर सांगतील.

मग तू मागे गेलीस, पार दारापर्यंत, आणि वर बघितलंस. मी तुझ्या शेजारी होते, काकू. मीही बघितलं. टोकं बरोबर मध्यावर आली होती. आठही. खालून बघताना वरचा त्रिकोण आखूड दिसतो, म्हणून काकांनी तो अंगठाभर मोठा काढला होता. आणि मी त्यांचा हात घसरला म्हणाले होते!

व्यवस्थापकांनी नंतर मला बाजूला घेऊन विचारलं, की शेतघरावरच्या माझ्या झडपाही बघायला येऊ का? पुढच्या वर्षी एकटीचं प्रदर्शन कराल का? मी होय म्हणाले. तुला सांगायला धावत आले तर बस निघाली होती. मिन्केने खिडकीतून हात केला. तू समोर बघत होतीस. तुला बरं नव्हतं का? मी काही चुकले का?

योरिंडे

&nbsp;

विंटर्सवाइकजवळ, १० मे

लाडक्या योरिंडे,

तू काहीही चुकली नाहीस. मी रडत होते, आणि हार्म बघत होता, म्हणून समोर बघत बसले. झालं.

त्रेचाळीस वर्षं झाली त्या भांडणाला. तो म्हणाला होता, रस्त्यावरून बघ. किती लांब होता रस्ता? शंभर पावलं. मी गेले नाही. मला वाटायचं उत्तर द्यायचं टाळतोय. तो उत्तरच देत होता गं. त्या गोदामात मी वर बघितलं आणि मला वाटलं तो शिडीवर उभा आहे, तोंडात ब्रश धरून, आणि म्हणतोय, आता दिसलं? मी मनातल्या मनात म्हटलं, दिसलं, बेरेंड. सुंदर आहे. हे त्याला जिवंतपणी एकदा म्हणायला हवं होतं. मी नुसतं म्हणायची, पायपुसण्याला पाय पूस.

तुझ्या एकटीच्या प्रदर्शनाची बातमी मिन्केला सांगितली आणि अर्ध्या तासात ती आळीभर झाली. हार्म म्हणतो, "आता आमचं कुंपण आखायला ती मिळायची नाही." त्या व्यवस्थापकांना खुशाल घेऊन ये. जेवायला वाटाण्याचं सूप आहे. त्यांना सांग, इथे काहीही वर टांगून मागणार नाही.

तेर होर्स्तने काल कागद आणला. सहा वर्षं. सही केली. तेव्हा मी ब्याऐंशीची असेन आणि पुन्हा सही करीन. जाताना तो अंगणात थांबून तुझ्या झडपांकडे बराच वेळ बघत होता. म्हणाला, "नोव्हेंबरची तशी घाई नाही." म्हणजे काय ते मी विचारलं नाही. आमच्याकडे विचारत नाहीत.

आणि आज सकाळी काठी घेऊन मी रस्त्यावर गेले. शंभर पावलांना वीस मिनिटं लागली. तिथून वळून घराकडे बघितलं. लाल, पिवळा, निळा, ऊन पडलेलं, माझं घर इतकं झकपक दिसत होतं की समोरून येणारा दूधवाला सायकलवरून पडता पडता वाचला.

फक्त एक सांगते. तुझी टोकं रस्त्यावरून वाकडी दिसतात. अंगठाभर वर गेलीत. पुढच्या खेपेला येशील तेव्हा आधी खाली रस्त्यावर उभी राहा आणि मग ब्रश हातात घे. मी शेजारी उभी राहीन.

तुझी काकू